बासष्टावं मिनिट

माझी जुळी बासष्टाव्या मिनिटाला म्हातारी होते. हे मला निषाद बापटने सांगितलं, आणि इतकं अवघडत सांगितलं की मला आधी त्याचीच दया आली.

निषाद आमच्या सिंहगड एफसीचा संगणकवाला. वय सव्वीस, चष्मा, आणि पक्का पुणेकर, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा "आपल्याला थोडा वेळ आहे का?" असं विचारून देतो. मी त्याच संघाची मिडफिल्डर, राजनंदिनी इंगवले, वय बत्तीस, कोल्हापूरची. मला सगळ्याला वेळ असतो, फक्त प्रस्तावनेला नसतो.

"बोल की रं," मी म्हटलं.

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर एक हिरवी रेघ होती. सामना सुरू झाल्यापासून ती बऱ्यापैकी सरळ चालली होती आणि बासष्टाव्या मिनिटाला जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती.

"गेल्या मोसमापासून असं दिसतंय, नंदिनीताई. साठ-बासष्ट मिनिटांनंतर तुमचं पुढे धावणं निम्म्यावर येतं. पुढचे पास कमी होतात. तुम्ही उभ्या राहता. आणि हृदयाचे ठोकेसुद्धा उतरतात, म्हणजे शरीर स्वतःला राखून खेळतंय. उतार लागलेल्या खेळाडूंचं नेमकं असंच होतं." त्याने चष्मा पुसला. "मला फार वाईट वाटतंय."

"अजून मेले नाही मी," मी म्हटलं.

जुळी म्हणजे काय ते सांगायला हवं. माझ्या आईला ते अजून कळलेलं नाही, तिला वाटतं क्लबने माझा पुतळा केलाय. आमच्या जर्सीच्या कॉलरमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा शिवलेला असतो. बुटाच्या तळव्यात एक पातळ पट्टी असते. स्टेडियमच्या छतावर चौदा कॅमेरे असतात. मी कुठे आहे, किती वेगात आहे, कुठल्या पायावर किती भार आहे, हृदय किती धडधडतंय, मान कुठे वळलीय, हे सगळं सेकंदाला पन्नास वेळा नोंदलं जातं. अशा आठ मोसमांच्या नोंदी एकत्र करून संगणकाने एक राजनंदिनी तयार केली आहे. ती कुठेच नसते, पण बॉल आला की मी जे करीन तेच ती करते. सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या अकरा जुळ्या आणि समोरच्या संघाच्या अकरा जुळ्या संगणकाच्या पोटात तोच सामना दहा हजार वेळा खेळतात. दहा हजारांतल्या बहुतेक वेळा जे घडतं ते खरं धरायचं. हवामानाचा अंदाज असाच काढतात म्हणे, फक्त इथे ढगाच्या जागी मी.

सुरुवातीला आम्ही टिंगल केली. मग एकदा आमच्या गोलकीपरच्या जुळीने सांगितलं की तिचा खांदा तीन आठवड्यांत निखळणार. ती बिचारी खूप हसली. एकोणिसाव्या दिवशी निखळला. त्यानंतर कुणी हसलं नाही. आता करार वाढवायचा की नाही हे जुळीच्या रेघेवर ठरतं, आणि मोसम संपला की रेघ लीगमधल्या प्रत्येक क्लबकडे जाते. त्यामुळे एकाने सोडलं तर दुसरा उचलेल ही आशाही नाही. मोसमाचे तीन सामने उरले होते.

निषादच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा माझ्याकडे एक गोष्ट होती जी त्या यंत्राकडे नव्हती. बासष्टाव्या मिनिटाला काय होतं ते मला माहीत होतं.

बासष्टाव्या मिनिटाला आचलचा गुडघा तापतो.

आचल कन्नाके आमची लेफ्ट बॅक. मी मैदानात डावीकडून मधे खेळते, ती माझ्या पाठीमागे, डाव्या कडेला. चंद्रपूरची, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत. हसायला लागली की शेजारच्या खोलीतल्या मुली भिंतीवर थापा मारतात. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या गुडघ्यात प्रयोगशाळेत वाढवलेली कूर्चा बसवली. ऑपरेशन उत्तम झालं, सगळे म्हणाले. पण परतल्यानंतर तिसऱ्याच सामन्यात मी पाहिलं, तासभर खेळल्यावर तिला डावीकडे वळायला अर्धं पाऊल उशीर होतो. समोरच्या संघाच्या, कडेने धावणाऱ्या विंगरला अर्धं पाऊल म्हणजे उघडं मैदान.

मी काय केलं? कोल्हापुरात जे करतात ते केलं. आमच्याकडे तालमींचेच फुटबॉल संघ असतात, आणि माझं सगळं फुटबॉल सातपायरी तालमीत झालं. आमच्या तालमीत एक पद्धत आहे, तिला शेजार म्हणतात. बाजूचा खेळाडू दुखावला किंवा थकला, तर त्याची जागा आपण आपल्या जागेसकट सांभाळायची. बोंब मारायची नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, कारण आपण बघितलं की समोरच्यालाही दिसतं. आनंदराव वस्तादांनी हे मला बाराव्या वर्षी शिकवलं होतं. "शेजारचं दार उघडं दिसलं की गपचिप लावून घ्यायचं," ते म्हणायचे.

म्हणून साठ मिनिटं झाली की मी दहा पावलं मागे आणि थोडी डावीकडे सरकायला लागले. विंगरला बाहेरून जायला वाट दिसायची नाही, ती आत वळायची, आणि आचलला डावीकडे वळायची वेळच यायची नाही. दोन वर्षं असं चाललं. तिला पत्ता नव्हता. तिला वाटत होतं गुडघा बरा झाला. यंत्रालाही तेच वाटत होतं. गुडघ्यावर ताण पडत नाही, म्हणजे गुडघा ठणठणीत. तिची रेघ अशी सुरेख होती की राष्ट्रीय शिबिरासाठी तिचं नाव गेलं होतं.

आणि मी उभी राहते, म्हणजे मी म्हातारी.

ब्रागांझा मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. आमच्या प्रशिक्षक, मडगावच्या. आठ वर्षांत त्यांनी मला मुलीसारखं वागवलं, म्हणजे रोज रागावल्या.

"बाय, बस," त्या म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात त्या कधीच बोलत नाहीत, त्यामुळे मी उभीच राहिले. "मी रेघ पाहिली. क्लब म्हणतो, पुढच्या वर्षी तू नको. तुझी जुळी मात्र ठेवायची आहे त्यांना. नव्या मुलींना ती शिकवील."

"म्हणजे मी जाणार आणि ती राहणार?"

"तुझ्या पायांत काही दुखतंय का? काही असेल तर आता सांग. तीन सामने आहेत. माझ्या हातात काही तरी दे, मी भांडते."

एका वाक्याचं काम होतं. आचलचा गुडघा. तोंडात आलेलं ते वाक्य मी गिळलं. माझी आठ वर्षं झाली होती, तिचं शिबिराचं पत्र अजून उशीखाली होतं.

"काही नाही मॅडम," मी म्हटलं.

पण मी काही संत नाही. खोलीवर येऊन मला भयंकर राग आला. जुळीचा, निषादचा, आचलच्या हसण्याचाही. मी ठरवलं की पुढच्या सामन्यात शेजार वगैरे काही नाही, माझी मी धावणार. रेघ वर चढवून दाखवते.

तो सामना इंफाळच्या मुलींशी होता. त्यांची उजवी विंगर वाऱ्यासारखी. बासष्टाव्या मिनिटाला मी पुढे सुटले. किती दिवसांनी! पाय हलके, समोर मोकळी जागा, दोन पास असे दिले की प्रेक्षक उठून उभे राहिले. एकाहत्तराव्या मिनिटाला बॉल त्यांच्याकडे गेला, विंगर बाहेरून निघाली, आचल वळली, आणि मी अर्ध्या मैदानावरून ते अर्धं पाऊल पाहिलं. गोल झाला. आम्ही हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये आचल टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती.

"दोन वर्षात एकदाही कोनी मले असं नाई काढलं," ती म्हणाली. "आज काय झालं मले, नंदिनीताई? तू तं पायलं ना? मी काय चुकलो?"

"दमली असशील," मी म्हटलं. तिची पाठ थोपटली. माझ्या हाताची मला लाज वाटली. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या सामन्यात मी पुन्हा दहा पावलं मागे आले. आम्ही बरोबरी केली. आचल पुन्हा हसायला लागली आणि माझी रेघ पुन्हा जिना उतरली.

शेवटच्या सामन्याआधी चार दिवसांची सुट्टी होती. मी कोल्हापूरला गेले.

गावात शिरले की माझी भाषा आपोआप बदलते. पुण्यात मी 'आले', 'गेले' म्हणते, रंकाळा दिसला की 'आलो', 'गेलो'. आमच्याकडे बायका असंच बोलतात, त्यावर पुण्यातल्या मुली हसतात. संध्याकाळी सातपायरी तालमीच्या कट्ट्यावर वस्ताद बसले होते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. समोर गवळ्याने म्हैस बांधली होती आणि सराव करून आलेली पोरं धारोष्ण दुधाचे ग्लास तोंडाला लावून उभी होती. आमच्याकडे सामना असो की सराव, शेवट दुधाने होतो.

"काय गं नंदे, तोंड का पाडलंयस?"

मी सगळं सांगितलं. जुळी, रेघ, आचल, गोल. वस्तादांनी मधे एकदाही टोकलं नाही. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. बाराव्या वर्षी शिकवलेलं बत्तिसाव्या वर्षी पाळलं, अजून काय हवं?

"बरं," ते म्हणाले. "मग तिला कधी सांगितलंस?"

"सांगायचं नसतंय न्हवं, वस्ताद? तुमीच शिकवलंय."

"खेळताना सांगायचं नसतंय. खेळ संपल्यावर?"

"खेळ संपल्यावर काय?"

वस्तादांनी दुधाचा ग्लास खाली ठेवला.

"आगं, शेजार एका सामन्यापुरता असतोय. सामना झाला की हितं, ह्या कट्ट्यावर, दूध हातात घ्यायचं आनि सगळ्यांच्या म्होरं सांगायचं, आज तुझं दार उघडं होतं, मी लावलं. त्यानं म्हनायचं, कळलं, फुडच्या खेपेला बघतो. मग समदे मिळून दूध पितेत. मग त्याचं काय दुखतंय, त्याला कुठं खेळवायचं, ते हितंच ठरतंय. तवा कुठं शेजार पुरा होतोय. न सांगता दोन वरसं राखलंस म्हंजे तू तिला आंधळी करून ठिवलीस की."

"मला हे कुनी सांगितलंच न्हाई," मी म्हणाले. आवाज चढला होता.

"कसं न्हाई? दर रविवारी..." आणि ते थांबले.

दर रविवारी आम्ही दोघी-तिघी मुली सामना संपला की सायकल घेऊन घरी जायचो. कट्ट्यावर पोरींनी बसायचं नाही, असं कुणी बोललं नव्हतं, पण कधी कुणी बसलं नव्हतं. दूध आम्हाला घरी पाठवायचे. बाटलीतून. मी तालमीचा अर्धाच धडा शिकून गेले होते आणि तो अर्धा धडा घेऊन आठ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळत होते.

वस्तादांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना कधीच पाहिलं नव्हतं.

"चूक तुझी न्हाई पोरी. आमी तुमाला मैदान दिलं आनि कट्टा दिलाच न्हाई. आमाला सुचलंच न्हाई बघ." त्यांनी गवळ्याला हाक मारली. "एक गिलास हिकडं दे. आनि नंदे, वर बस. तितं खाली काय उभी?"

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा. दगड गार होता.

पुण्याला परत येताना साताऱ्यापर्यंत वाक्यं जुळवली. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. आचल पलंगावर बसून गुडघ्याला पट्टी बांधत होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. दोन वर्षांचं. सगळं.

तिने आधी हसून बघितलं. मग पट्टी सोडली.

"तुले कोनं सांगतलं होतं?"

"कुणी नाही."

"मंग काहून केलं? मी काय लंगडी वाटलो तुले? दोन वर्ष माह्या घरचे पेपरातले फोटो कापून भिंतीले लावून राहिले. आचल किती मजबूत खेळते म्हनून. ते तू होती? आँ? ते सारं तू होती?"

"सगळं नाही. साठ मिनिटांनंतरचं."

हे बोलायला नको होतं. तिने उशीखालचं शिबिराचं पत्र काढलं, माझ्या मांडीवर टाकलं, "घे, हे बी तुहंच," म्हणाली, आणि गादी उचलून शेजारच्या खोलीत निघून गेली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सरावात मला पास द्यायची वेळ आली की ती बॉल बाहेर मारायची. माझ्या कराराचा विचार मी सोडून दिला होता. ती हसत नव्हती आणि हॉस्टेलच्या भिंतीवर कुणी थापा मारत नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी निषादचा निरोप आला, लगेच या. मी गेले तर त्याच्या खोलीत आचल बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "याले म्या सारं सांगतलं. आता हा काय म्हनते ते आयक."

निषादचा चेहरा उतरला होता. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "आम्ही प्रत्येक जुळी वेगवेगळी घडवतो. एकटीची. आजूबाजूच्या खेळाडूंमुळे तुमच्यात जो फरक पडतो, तो आम्ही गाळून टाकतो. धान्य पाखडतात तसं. तुमचं स्वतःचं तेवढं उरावं म्हणून. आणि मी जे पाखडून फेकत होतो, ताई, तेच तुम्ही दोन वर्षं खेळत होता."

"मग आता?"

"आचलने सांगितलं, मला नंदिनीताईशिवाय खेळवून बघ. मी दोघींच्या जुळ्या एकत्र बांधल्या. तुम्हाला पुढे सोडलं." त्याने पडदा वळवला. माझी रेघ सरळ होती. अगदी शेवटपर्यंत, ऐंशी मिनिटांनंतर किंचित उतरलेली, बत्तिसाव्या वर्षी उतरते तेवढी. त्याच्या खालीच आचलची रेघ होती. साठाव्या मिनिटाला ती कोसळत होती.

मला माझी रेघ बघवेना. आचल मात्र स्वतःच्या रेघेकडे टक लावून बघत होती.

"मले हे दोन वर्षाआधी दिसलं असतं," ती हळूच म्हणाली, "तं मी तेव्हाच काही केलं असतं ना."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

मग ती एकदम पुढे सरकली. "हे पाह्य, निषाद. मले डावीकडं वळता नाई येत. हाव, नाई येत. पन मधात खेळवलं तं? बचावाच्या मधात? तिथं खेळ समोरून येते. वळायचं कमी, पाहायचं जास्त. डोकं तं माहं चांगलं हाय ना?"

"तिथे तू कधी खेळलेलीच नाहीस. माझ्याकडे नोंदी नाहीत."

"मंग अंदाजानं खेळव ना बाप्पा. एवढी मोठी मशीन कायले ठेवली?"

निषादने बोटं चालवली. दहा हजार सामने व्हायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी खाली जाऊन ब्रागांझा मॅडमना घेऊन आले आणि जिन्यातच सगळं सांगितलं. त्यांनी कोकणीत जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

निकाल काही चमत्कार नव्हता. नव्या जागी आचल सरासरी निघाली. काही सामन्यांत तिच्या चुकीने गोल होत होते, काहींत ती एकटी संघ वाचवत होती. मात्र तिची रेघ कुठेही कोसळत नव्हती. आणि खाली निषादने स्वतः एक ओळ टाकली होती, की पुरेशा नोंदी नसल्यामुळे या अंदाजावर फार विसंबू नये.

मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. "पहिल्यांदा हे यंत्र खरं बोललं," त्या म्हणाल्या. "उद्या आचल मधे. नंदिनी, तू पुढे. आणि शिबिरवाल्यांना मी स्वतः कळवते, मुलगी आता दुसऱ्या जागेवर खेळते, हवी तर बघायला या."

शेवटचा सामना कोझिकोडशी, आमच्याच मैदानावर. पहिला अर्धा तास आचल चाचपडत होती. विसाव्या मिनिटाला एक गोल बसला, तिच्या आणि गोलकीपरच्या मधून. तिने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही, जुनी सवय. मग मुद्दाम मान वळवून बघितलं, अंगठा दाखवला. मध्यंतराआधी आम्ही बरोबरी केली.

पाटीवर बासष्ट झाले. माझी पावलं माझ्या नकळत मागे सरकली. एक, दोन, तीन. डाव्या कडेला आता नवी मुलगी होती, ताज्या गुडघ्यांची, तिला माझी काही गरज नव्हती, तरीही. तेवढ्यात पाठीमागून चंद्रपूरचा आवाज आला, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असा.

"मांगं काय पायतं वं? जाय ना पुढं! मी हावो इथं!"

चार दिवसांत तिने माझ्याशी मोकळेपणाने बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मी गेले. सदुसष्टाव्या मिनिटाला त्यांच्या दोघींच्या मधून एक पास सरकवला आणि आमच्या स्ट्रायकरने तो जाळ्यात घातला. पुढे काय काय झालं ते मला धड आठवत नाही. मी नुसती धावत होते. आम्ही दोन-एकने जिंकलो.

ड्रेसिंग रूममध्ये मी पिशवीतून दूध काढलं. पुण्यात म्हैस कुठून आणणार, पिशवीचंच होतं, कागदी पेल्यांत ओतलं. सगळ्यांना खाली गोल बसवलं. मॅडमना आणि निषादलाही. तो दारात घुटमळत होता, त्याच्यासाठी जागा केली. मग त्यांना आमच्या कट्ट्याची पद्धत सांगितली, या खेपेला पूर्ण. खेळताना गप्प राहायचं, खेळ संपला की बोलायचं. ज्याचं दार उघडं होतं त्याने राग मानायचा नाही.

मुली पेल्यांत बघत बसल्या. अशा वेळी पहिलं कोण बोलणार? मॅडमनी घसा साफ केला आणि माझा करार वर्षभराने वाढवला असं सांगितलं, पुढचं पुढे बघू म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. निषाद म्हणाला की पुढच्या मोसमापासून जुळ्या एकेकट्या घडवायच्या नाहीत, शेजारणींसकट घडवायच्या, आणि त्या नव्या रकान्याला त्याने 'शेजार' असंच नाव दिलंय. मला आनंद झाला. पण मी ज्याची वाट बघत होते ते हे नव्हतं.

मग आचलने पेला उचलला. सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाले तू पुढं गेली, बॉल गमावला, अन् तुह्या मांगं सारं मैदान मोकळं होतं. त्यांची दहा नंबर तिथून निघाली होती. तुहं दार सताड उघडं होतं, नंदिनीताई. मी लावलं."

मला ते माहीतच नव्हतं. मी मान वर करून निषादकडे बघितलं. त्याने हळूच मान हलवली; खरं होतं. माझ्या पाठीमागे कुणीतरी माझ्यासाठी धावलं होतं आणि मी पुढे मजेत पळत होते. बरं वाटत होतं आणि खुपतही होतं. दोन वर्षांचं एकदम कळल्यावर तिला काय वाटलं असेल, ते मला त्या एका मिनिटापुरतं कळलं. डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही.

सगळ्या जणी माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी पेला वर धरला.

"कळलं," मी म्हटलं. "फुडच्या खेपेला बघतो."

पुण्याच्या दोघी-तिघी त्या 'बघतो'ला फिसकन हसल्या. आणि मग आचल हसायला लागली, तिचं ते नेहमीचं, भिंत हादरवणारं हसणं, आणि पलीकडच्या खोलीतून कोझिकोडच्या मुलींनी भिंतीवर थापा मारल्या.

आम्ही दूध प्यायलो.